खंजिरी बंद केली आणि आमच्या आठशेवालीचा वेळ घसरत चालला. काय करू?

नहरकाठचा

राम राम मंडळी. प्रश्न लांब आहे. अर्धवट सांगितला तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहितो.

मी भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. चार एकर धानाची शेती आहे. वयाच्या अठरा ते तेवीस वर्षांपर्यंत सैन्यभरतीसाठी पळालो. तीनदा मैदानी चाचणीत निघालो, तिन्ही वेळा पुढे अडकलो. नोकरी लागली नाही, पण पळण्याचं वेड राहिलं. गेली सहा वर्षं गावातल्या पोट्ट्यांना पहाटे पळवतो. पैसे घेत नाही. सध्या अकरा जण आहेत, सात पोरं आणि चार पोरी. नहराच्या पाळीवर दर शंभर मीटरला चुन्याची खूण केली आहे. पावसानं धुतली की पुन्हा मारतो.

त्यातली एक पोरगी दहावीत आहे, सोळा वर्षांची. सतरा वर्षांखालच्या गटात ८०० आणि १५०० मीटर पळते. यंदा तालुक्याला पहिली आली, मग जिल्ह्यालाही पहिली. जिल्ह्याला ८०० मीटर २ मिनिटं ३१ सेकंदांत, तेही मातीच्या मैदानावर. आता दिवाळीनंतर विभागीय स्पर्धा. नागपूर विभाग म्हणजे सहा जिल्हे, आणि समोर सिंथेटिक ट्रॅकवर रोज सराव करणाऱ्या पोरी. गावातून इथवर कोणी पोचलं नव्हतं, म्हणून माझ्याही जिवाला घोर लागला.

जिल्ह्याहून आलो त्याच रात्री तिच्या घरी गेलो आणि तिच्या बाबांसमोर वहीच्या पानावर वेळापत्रक लिहून दिलं. साडेचारला उठायचं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दीड तास, आठवड्याचे सातही दिवस. रात्री नऊला झोप. मधल्या सगळ्यावर काट मारली. बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, पोहणं बंद. रविवारी भावासोबत गरी टाकून बसणं बंद. शाळा सुटल्यावर बारक्या पोरींसोबत लगोरी बंद. आणि खंजिरी बंद.

खंजिरीचं थोडं सांगतो, कारण खरा प्रश्न तिथंच आहे. गावात मुलींचं भजन मंडळ आहे, नऊ जणींचं. रोज साडेसातला प्रार्थना मंदिरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं म्हणतात. महाराजांची पुण्यतिथी जवळ आली की सराव वाढतो. ही त्यांची मुख्य खंजिरीवाली. खंजिरी तिच्या आजोबांची. डाव्या हातात ती उभी धरून उजव्या हाताची बोटं अशी चालवते की म्हातारी माणसं डोळे मिटून बसतात. वाजवता वाजवता वरच्या पट्टीत गातेही. श्वास कुठून आणते, मला कळत नाही. मला मात्र तेव्हा एवढंच दिसलं की रोजचा सव्वा तास वाया जातो, आणि घरी येऊन जेवून झोपायला उशीर होतो.

तीन आठवडे झाले. दर रविवारी वेळ घेतो. पहिल्या रविवारी २.३३, दुसऱ्या २.३६, परवा २.३८. ताप नाही, पाय दुखत नाही. सांगितलेलं सगळं करते. "हो भाऊ" म्हणते आणि पळते. आधी शेवटच्या दोनशे मीटरला पोरांच्या पुढे निघायची, मागे वळून हसायचीसुद्धा. आता ओळीत पळते आणि ओळीतच थांबते.

गुरुवारी रात्री साडेआठला तिच्या घरावरून जात होतो. प्रार्थना मंदिरातून भजनाचा आवाज येत होता. ही ओसरीवर अंधारात एकटी बसलेली, मांडीवर रिकामं सूप, आणि त्या सुपावर बोटं चालू. मला पाहिलं आणि सूप चटकन बाजूला ठेवलं, चोरी पकडल्यासारखं. मी काही बोललो नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण मी स्वतः हेच केलं होतं. भरतीच्या नादात चांदण्या रात्रीचं आट्यापाट्या सोडलं. उन्हाळ्यात बोडी आटली की सगळे चिखलात उतरून हातानं मासोळ्या धरायचे, ते सोडलं. मित्र सुटले. तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा माझ्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं. दोन वर्षं मैदानाकडे पाहिलं नाही. ही पोरगी विभागीयला हरली तर तिच्याजवळ काय राहील, हा विचार मी वेळापत्रक लिहिताना करायला हवा होता.

विचारायचं हे: यातलं काय चालू ठेवायचं, काय बंद, आणि मर्यादा कुठली? आणखी एक. भाऊबीजेनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. दंडार हे नाच-गाण्याचं लोकनाट्य असतं, रात्रभर नाटक असतं. विभागीय स्पर्धा त्याच्या मागेपुढेच येईल. जाऊ द्यायचं की नाही? खेळलेल्या, खेळवलेल्या माणसांनी सांगावं.

---

मॅटवरून मातीत

भाऊ, मी कबड्डीचा. रेडर होतो, आता एका शाळेत खेळ शिकवतो. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही अंगावरून गेलेल्या.

पहिली. सोळाव्या वर्षी एका क्रीडा वसतिगृहात गेलो. तिथं मैदान, वर्ग, जेवण, झोप, एवढंच. एका रविवारी आम्ही मागच्या आवारात विटीदांडू मांडला. मनगटाला लागेल म्हणून मास्तरांनी दांडू काढून घेतला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, लागूही शकलं असतं. पण त्यानंतर रविवार आला की आम्ही खाटेवर पडून छताकडे पाहायचो. आमच्या बॅचमध्ये बारा होतो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पाच जण खेळ सोडून घरी गेले. एकालाही दुखापत नव्हती. मीही पिशवी भरली होती. मला थांबवलं ते गावाकडच्या मातीतल्या कबड्डीनं. सुट्टीत घरी आलो, रात्री बल्बच्या उजेडात आमच्याच टोळीतल्या पोट्ट्यांनी ओढून नेलं. बोनस लाइन कोणी आखली नव्हती, गुण कोणी लिहीत नव्हतं, आणि त्या रात्री मी अशी एक रेड केली की तशी मॅटवर वर्षभर जमली नव्हती. खेळ अजून अंगात आहे हे तेव्हा कळलं.

मी पुढे शारीरिक शिक्षण शिकायला अमरावतीला गेलो. तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकला गेलं होतं, आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला. जगासमोर मांडले ते खेळ आधी आपल्या गावांतल्या मोकळ्या वेळातच वाढले होते. त्या पोरीच्या मोकळ्या वेळाला वाया गेलेला म्हणू नका.

आता दुसरी गोष्ट, आणि ही तुमच्या बाजूची. मी झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या भागाचा, वडशाच्या नाटकांवर वाढलेला. नाटक दहाला सुरू झालं की पहाटे चार-पाचला पडदा पडतो. एकदा मंडईचं पूर्ण नाटक पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तालुक्याची फायनल खेळलो. पाय जड, नजर उशिरा वळत होती. दोन सोप्या रेडमध्ये धरला गेलो. संघ तीन गुणांनी हरला, ते मी आजही विसरलो नाही. एक जागरण दोन-तीन दिवस भरून निघत नाही. मंडईला जाऊ द्या, पाळण्यात बसू द्या, दंडार पाहू द्या. नाटक मात्र पहिल्या अंकापर्यंत, आणि घरी आणायला कोणीतरी सोबत असू द्या.

भजन साडेआठ-पावणेनऊला संपतं. त्यात भीती कसली?

---

धुऱ्यावरचा बाप

मला हे सगळं पटत नाही, स्पष्ट सांगतो. माझ्या दोन पोरी आहेत. गरिबाच्या घरी खेळ म्हणजे भाकरीचा रस्ता. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी वरच्या पातळीचं प्रमाणपत्र लागतं. पोलीस शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटरच पळावं लागतं, आणि मैदानीच्या ५० पैकी २० गुण त्या एका धावेचे. तुमची पोरगी नेमकं तेच अंतर पळते. दोन महिने खंजिरी नाही वाजवली तर काय बिघडतं? आमच्या बापानं आम्हाला रोवणीच्या दिवसांत खेळायला कधी सोडलं होतं? तिच्यावर दया करून तिचं नुकसान करू नका. मी तिच्याच भल्याचं बोलतो आहे.

---

उपकेंद्रवाली ताई

भाऊ, मी गोंदिया जिल्ह्यात आरोग्य उपकेंद्रात काम करते. माझा मुलगा लांब उडी मारतो, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते. तुमची पोस्ट वाचून आधी गणित केलं.

नऊला झोप आणि साडेचारला ऊठ म्हणजे साडेसात तास, तेही पडल्या पडल्या झोप लागली तर. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास लागतात. जी पोरगी रोज साडेतीन तास धावते तिला आठाच्या वरच लागणार. तिची झोप भजनानं खाल्ली नाही, तुमच्या साडेचारनं खाल्ली. उन्हाळ्यात तुम्ही लवकर बोलवत असाल ते बरोबर, आपल्याकडे मे महिन्यात सातला उन्हाचे चटके बसतात. पण आता ऑक्टोबर आहे. पावणेसहाला सुरुवात केली तरी थंडावा असतो आणि नहराच्या पाळीवर विंचू-साप दिसण्याइतका उजेडही. शाळा साडेदहाची असेल ना?

दुसरं गणित. साडेतीन तास गुणिले सात, म्हणजे आठवड्याचे साडेचोवीस तास. शिकागोतल्या डॉक्टरांनी सुमारे १२०० खेळणाऱ्या मुलांचा अभ्यास केला होता, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जी मुलं आठवड्याला आपल्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास सराव करत होती, त्यांच्यात अतिताणाच्या गंभीर दुखापती जास्त आढळल्या. सोळा वर्षांची असेल तर सोळा तास, असा तो हिशोब. तुमची पोरगी त्याच्या दीडपट करते आहे. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडते. शिस्तीतला सराव हा मनानं खेळलेल्या खेळाच्या दुपटीहून जास्त झाला की तिथंही धोका वाढलेला दिसला. तुम्ही मनाचा खेळ शून्यावर आणला. बोडी, लगोरी, सगळं.

आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी द्या. माझ्या मुलाला मी रविवारी मैदानाकडे फिरकू देत नाही. तो दिवसभर पतंग नाही तर पाखरं यांच्या मागे असतो. अंग तेवढंच हलतं, पण त्याच त्या हाडावर त्याच त्या जागी मार बसत नाही.

आता थोडं नाजूक, पण विचारल्याशिवाय राहणार नाही. तिची पाळी नियमित येते का? तुम्ही विचारू नका, तिच्या आईला किंवा आशाताईला विचारायला सांगा. सराव वाढला आणि खाणं तेवढंच राहिलं की मुलींची पाळी लांबते, बंदही होते. हाडं कमजोर होतात आणि वेळ घसरायला लागतो. बाहेरून पोरगी ठणठणीत दिसते. हिमोग्लोबिनही तपासा, उपकेंद्रात होतं. धावणाऱ्या मुलीचं रक्त कमी असेल तर खंजिरी चालू असो की बंद, सेकंद वाढणारच. तेव्हा सगळा दोष मनावर टाकून मोकळे होऊ नका. आधी रक्त, पाळी, खाणं आणि झोप पाहा. खायला भात-वरणासोबत अंडी, चणे, तुरीची डाळ, शेंगदाणे-गूळ. बोडीतल्या मासोळ्या मिळत असतील तर त्याहून चांगलं काय? गरी टाकून बसणं बंद केलंत तेव्हा ताटातला मासाही गेला असेल कदाचित.

पोहण्याबद्दल एकच. एकटं नको, आणि पावसाळ्यात भरलेल्या बोडीत नको. बाकी धावणाऱ्या पायांना पाण्यासारखा आराम नाही.

---

तीन हजार अडथळे

मी वीस वर्षांची. गाव गडचिरोली जिल्ह्यात, सध्या नागपूरला कॉलेजात आहे, स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची लांब शर्यत पळते. ही चर्चा मैत्रिणीनं पाठवली. दादा, मला तुमच्या पोस्टमधलं सूप दिसतच राहिलं.

एक गोष्ट कोणीच विचारली नाही. तुमच्या वेळापत्रकात तिच्या घरकामाला कुठे काट मारली होती? सकाळचं पाणी, झाडणं, संध्याकाळच्या भाकऱ्या, आता हलका धान कापणीला येईल तेव्हा बांधीतलं काम? मला माहीत आहे, नाही मारली. मुलीच्या दिवसातून वेळ काढायचा असला की काम तसंच राहतं, तिचं स्वतःचं जे असतं तेच जातं. माझा भाऊ क्रिकेट खेळून आला की बाजेवर पडायचा. मी पळून आले की चुलीपुढे बसायचे. थकवा दोघांना सारखाच होता. तिचे बाबा ऐकून घेतील असे तुम्ही आहात. ते वजन वापरा आणि संध्याकाळच्या भाकऱ्या दोन महिने तरी भावाकडे किंवा आणखी कोणाकडे द्यायला सांगा.

माझ्यासाठी ते मोहफूल होतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे आजीसोबत जंगलात जायचं, टोपली घेऊन. आमचे सर म्हणायचे, वाकून वाकून कंबर धरते, थकतेस, बंद कर. वरून पाहिलं तर ते कामच, त्याचे पैसेही येतात. पण मला तो वास आणि आजीच्या गोष्टी हव्या असायच्या. ज्या वर्षी गेले नाही त्या वर्षी उन्हाळ्यातला सराव मला नकोसा झाला. एखादी गोष्ट काम आहे की विसावा, ते बाहेरून ओळखू येत नाही. म्हणून तिलाच विचारा. आम्हालाही ठरवू देऊ नका. पोहणं पायांना चांगलं, खंजिरी फुप्फुसांना चांगली, असं औषधासारखं वाटूही नका तिला. मग तेही वेळापत्रकातच जमा होईल.

आणि धुऱ्यावरचे काका, तुमचा राग येत नाही. माझे बाबा हेच बोलायचे, आणि मला कॉलेजात खेळावरच प्रवेश मिळाला, ते खरं आहे. पण काका, माझ्यासोबत शाळेत पळणाऱ्या, माझ्याहून वेगवान दोन मुली होत्या. आज दोघी पळत नाहीत. नोकरीच्या भरतीपर्यंत पोचायला आधी अठराव्या वर्षापर्यंत पळावंसं वाटलं पाहिजे.

---

नहरकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच दिवसांनी लिहितो आहे, कारण आधी करून पाहायचं होतं.

ताई, तुमचं साडेसात तासांचं गणित वाचलं आणि वही काढून पुन्हा मोजलं. मी सहा वर्षं बाराही महिने साडेचारलाच शिट्टी मारत आलो. मला माझ्या भरतीच्या काळात कोणीतरी ती वेळ सांगितली होती, मी ती पुढे चालवली. सोमवारपासून पावणेसहा केली, सगळ्या अकरा जणांसाठी. संध्याकाळचा सराव आठवड्यात तीनच दिवस, एक तास. रविवार सुट्टी. हिशोब पंधरा तासांच्या आसपास येतो.

आशाताईंनी तिला उपकेंद्रात नेलं. हिमोग्लोबिन ९.८ निघालं. गोळ्या सुरू झाल्या आहेत, महिन्यानं पुन्हा तपासायचं आहे. पाळीचं तिच्या आईनं आशाताईंशी बोलून घेतलं, मला फक्त "ते ठीक आहे" एवढं कळवलं, तेवढं पुरे. म्हणजे सेकंद का वाढले याचं एक कारण रक्तातही होतं. ते मी तिच्या चेहऱ्यावर शोधत होतो. चारही पोरींचं रक्त तपासून घेतलं. आणखी एकीचं कमी आहे.

भाकऱ्यांचं बोललो. तिचे बाबा आधी गप्प बसले. उत्तर तिच्या आजीनं दिलं, "पोट्ट्याले काय हात नाहीत का?" आता भाऊ कणीक मळतो, भाकऱ्या आजी थापते.

मग तिलाच विचारलं, तीन हजार अडथळे यांनी सांगितलं तसं. मला वाटलं होतं ती सगळंच परत मागेल. तिनं बराच वेळ घेतला. म्हणाली, "भाऊ, भजन रोज नको. सोमवार आन् गुरुवार. बाकीच्या दिवशी मले खरंच झोप येते." आणि बोडी हवी, रविवारी. लगोरीचं म्हणाली की बारक्या पोरी आता तिला घेतच नाहीत, ती फार जोरात मारते म्हणून. मंडईच्या नाटकाला मावशीसोबत पहिल्या अंकापर्यंत, हेही तिचंच ठरलं. दंडारीत तिचे मोठे बाबा असतात, ती मात्र पूर्ण पाहणार म्हणाली. पूर्ण पाहू दे.

काल गुरुवार होता. प्रार्थना मंदिरात गेलो, मागे बसलो. आठ पोरी आधीच उभ्या होत्या आणि मधली जागा सोडलेली होती. तीन आठवडे त्या तशाच उभ्या राहत होत्या म्हणे.

धुऱ्यावरचे भाऊ, तुमचं म्हणणं मी टाकलेलं नाही. विभागीयची तयारी तेवढ्याच जिवानं चालू आहे. वेळ मात्र सध्या घेत नाही, गोळ्यांना महिना जाऊ द्या.

आता एक मदत हवी. हे सगळं ऐकून पोरांनी माझ्यामागे लकडा लावला आहे की कोजागिरीला खळ्यावर आट्यापाट्या मांडा. त्यांनी कधी खेळलेलंच नाही, नुसतं ऐकलं आहे. चुना आहे, जागा आहे. नऊ पाट्या आणि मधली सूरपाटी हे पक्कं आठवतं. पण दोन पाट्यांमधलं अंतर आम्ही पावलांनी मोजायचो आणि मोजणारा माझा चुलतभाऊ असायचा, लांब ढांगांचा. त्याच्या पावलांनी बारा-तेरा वर्षांची पोरं कोंडीतून सुटणार नाहीत. मॅटवरून मातीत, तुम्ही शाळेत शिकवता. एवढ्या लहान पोरांसाठी किती पावलं ठेवू?